दोन मर्यादा, एक रेषा : संयुक्त असमानतेचा पाठ



समीकरणांचा अभ्यास झाला म्हणजे विद्यार्थ्यांच्या मनात अशी समजूत दृढ होते की, बीजगणितातील प्रत्येक उदाहरणाचे उत्तर एकच संख्या असते. व्यवहारातील प्रश्न मात्र पुष्कळदा ‘किती?’ असे न विचारता ‘कोठपासून कोठपर्यंत?’ असे विचारतात. ज्या शाळांत सातवी-आठवीचे वर्ग आहेत, तेथे समीकरणांनंतर लगेच हा पाठ घ्यावा.

प्रस्तावना. प्राथमिक आरोग्य केंद्रात बालकांच्या लसी २ ते ८ अंश सेल्सिअस तापमानात ठेवतात. धनुर्वाताच्या लसीसारख्या काही लसी गोठल्या तर निकामी होतात. उष्णतेने लसीची शक्ती घटते आणि गेलेली शक्ती लस पुन्हा थंड केल्याने परत येत नाही. म्हणजे दोन्ही बाजूंनी सीमा आहे. तापमानास क्ष मानले तर

२ ≤ क्ष ≤ ८

हे एक विधान दिसले तरी त्यात दोन विधाने आहेत : क्ष ≥ २ आणि क्ष ≤ ८. याउलट, धोक्याचे तापमान कोणते असे विचारल्यास उत्तर ‘क्ष < २ किंवा क्ष > ८’ असे येते. ‘आणि’ व ‘किंवा’ या दोन शब्दांतील भेद समजला की या पाठाचा गाभा हाती आला.

कृती. शाळेच्या अंगणात फक्कीने लांब संख्यारेषा आखावी व तिच्यावर −३ पासून १० पर्यंतच्या संख्यांवर एकेक मूल उभे करावे. ‘माझी संख्या २ किंवा त्याहून मोठी’ असे ज्यास म्हणता येईल त्याने उजवा हात वर करावा. ‘माझी संख्या ८ किंवा त्याहून लहान’ असे म्हणता येईल त्याने डावा. ‘आणि’ म्हणजे दोन्ही हात वर. ‘किंवा’ म्हणजे निदान एक हात वर. दोन्ही हात वर असलेली मुले २ पासून ८ पर्यंतच दिसतील. नंतर अटी बदलून ‘२ पेक्षा लहान’ व ‘८ पेक्षा मोठी’ अशा कराव्यात. आता दोन्ही हात कोणाचेच वर नसतील. एक हात वर असलेली मुले मात्र रेषेच्या दोन टोकांस दिसतील.

आलेख. सीमेवरील संख्या उत्तरात येत असेल तर भरीव ठिपका, येत नसेल तर पोकळ वर्तुळ काढावे. तापमान २.५ अंशही असू शकते, म्हणून दोन ठिपक्यांमधील सर्व रेषा ठळक करावी. मुलांची संख्या मोजताना मात्र केवळ सुटे ठिपके काढावेत, कारण अडीच मुले संभवत नाहीत. ठिपक्याचा भेद क्षुल्लक समजू नये. मतदानासाठी किमान वय १८ वर्षे आहे. तेथे भरीव ठिपक्याच्या जागी पोकळ वर्तुळ काढले तर नेमके १८ वर्षे पूर्ण केलेल्याचा हक्क बुडतो. ‘किमान’, ‘कमाल’, ‘पेक्षा कमी’, ‘पेक्षा जास्त’ हे शब्द मुलांकडून चिन्हांत लिहवून घ्यावेत.

उकल. समजा, ७ ≤ ३क्ष + १ < १६. तिन्ही भागांतून १ वजा करावा : ६ ≤ ३क्ष < १५. तिन्ही भागांस ३ ने भागावे : २ ≤ क्ष < ५. आलेखात २ वर भरीव ठिपका, ५ वर पोकळ वर्तुळ व मधील रेषा ठळक येईल. पडताळा अवश्य घ्यावा : क्ष = २ घेतल्यास मधला भाग ७ येतो, म्हणून २ चालते; क्ष = ५ घेतल्यास १६ येतो, आणि १६ ही १६ पेक्षा लहान नाही, म्हणून ५ चालत नाही.

ऋण संख्येने गुणताना किंवा भागताना चिन्हाची दिशा उलटते. हा नियम पाठ करून न घेता दाखवून द्यावा. २ < ५ हे खरे. दोहोंस −१ ने गुणले की −२ व −५ मिळतात, आणि संख्यारेषेवर −२ ही −५ च्या उजवीकडे आहे. म्हणून −२ > −५. आता −४ < −२क्ष ≤ ६ या उदाहरणात −२ ने भागल्यावर २ > क्ष ≥ −३ मिळते. लहान संख्या डावीकडे ठेवून ते −३ ≤ क्ष < २ असे लिहावे.

‘किंवा’ असेल तेथे दोन्ही भाग वेगवेगळे सोडवावेत. २क्ष − १ < ३ किंवा क्ष + ४ > १२ यांवरून क्ष < २ किंवा क्ष > ८ मिळते.

एक चूक. मी नवशिक्षक असताना हेच उत्तर आटोपशीर दिसावे म्हणून फळ्यावर ८ < क्ष < २ असे लिहिले. मागच्या रांगेतील एका मुलीने विचारले, “गुरुजी, मग आठ दोनापेक्षा लहान झाले का?” मी क्षणभर निरुत्तर झालो. तिचे म्हणणे बरोबर होते. तशी साखळी लिहिली की तिच्या दोन टोकांचाही संबंध मान्य करावा लागतो. ‘किंवा’ची उत्तरे साखळीत गुंफता येत नाहीत. त्या दिवशी फळा पुसून मी तिचे आभार मानले, आणि वर्गात प्रश्न विचारणारे हात त्यानंतर वाढले.

स्वाध्याय. सोडवा व आलेख काढा.

१. −१ ≤ २क्ष + ३ < ९
२. ५ − क्ष > ७ किंवा ३क्ष ≥ १२
३. क्ष > ६ आणि क्ष < ४
४. फॅरनहाइट तापमान काढण्यासाठी सेल्सिअस तापमानास १.८ ने गुणून ३२ मिळवतात. लसीच्या तापमानाच्या सीमा फॅरनहाइटमध्ये सांगा.

उत्तरे. (१) −२ ≤ क्ष < ३. (२) क्ष < −२ किंवा क्ष ≥ ४. (३) अशी संख्या नाही. रेषा कोरीच राहते, आणि तेही उत्तरच होय. (४) ३५.६ ते ४६.४ अंश.

तिसऱ्या उदाहरणात मुले गोंधळतील. त्यांस घाईने उत्तर सांगू नये. पुन्हा अंगणात न्यावे आणि हात वर करावयास सांगावे. दोन्ही हात कोणाचेच वर नाहीत हे त्यांच्या डोळ्यांना दिसले की पुढचे स्पष्टीकरण तीच देतील.