वस्तूला प्रश्न विचारणे
(सोव्हिएत अंतराळप्रवासाच्या प्रदर्शनावरून एक अभ्यासपाठ)

सहलीच्या निमित्ताने मुले वस्तुसंग्रहालयात जातात. ती रांगेने आत शिरतात, पाट्यांवरील मजकूर वहीत उतरवून घेतात आणि रांगेने बाहेर पडतात. दुसऱ्या दिवशी वर्गात विचारले असता त्यांना नावे व सनावळी सांगता येतात. परंतु वस्तू केवढी होती, कशाची होती, झिजलेली होती की कोरी होती, हे सांगता येत नाही. याचा अर्थ असा की, पाटी वाचली गेली, वस्तू पाहिली गेली नाही. वाचन जसे शिकवावे लागते, तसेच पाहणेही शिकवावे लागते.

या दृष्टीने लंडन येथील विज्ञान संग्रहालयात १८ सप्टेंबर २०१५ ते १३ मार्च २०१६ या काळात भरलेले सोव्हिएत अंतराळप्रवासाचे प्रदर्शन अभ्यासण्याजोगे आहे. रशियातून आणलेल्या सुमारे दीडशे वस्तू तेथे मांडल्या होत्या. सोव्हिएत शासनाने आपल्या अंतराळकार्यातील यश जगापुढे मांडले आणि पुष्कळशा गोष्टी गुप्त ठेवल्या. त्यामुळे शासनाने सांगितलेली हकीकत आणि प्रत्यक्ष वस्तू यांत काही ठिकाणी अंतर पडले. अशा ठिकाणी वस्तू ही शोभेची न राहता पुरावा ठरते. तिला पुढील चार प्रश्न विचारावेत :

(१) ही वस्तू केवढी आहे?
(२) तिच्यावर कसल्या खुणा आहेत?
(३) ती अशीच का घडविली?
(४) तिच्याविषयी जे सांगितले जाते ते तिच्याशी जुळते काय?

एका शिक्षकाची चित्रे

या साऱ्या कार्याचा आरंभ एका शाळामास्तरापासून होतो. कोन्स्तान्तिन त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म १८५७ मध्ये झाला. बालपणी झालेल्या आजाराने त्यांना जवळजवळ बहिरेपण आले आणि शाळा सुटली. पुढे ते स्वतःच्या अभ्यासाने शिक्षक झाले व बोरोव्स्क आणि कालुगा या लहान गावांत गणित शिकवीत राहिले. अग्निबाणाने पृथ्वीबाहेर कसे जाता येईल याचे गणित त्यांनी १९०३ मध्ये प्रसिद्ध केले. १९३३ मध्ये त्यांनी काढलेल्या साध्या रेखाचित्रांत वजन हरपलेली माणसे यानात आडवीतिडवी तरंगताना दिसतात. त्या वेळी तसा अनुभव कोणाही मनुष्याने घेतला नव्हता. ही चित्रे मुलांस दाखविताना, “हे त्यांना न पाहता कसे कळले?” असे विचारावे. उत्तर गणितात आहे, हे मुलांनी स्वतः शोधू द्यावे.

होरपळलेला गोल

प्रदर्शनात व्हॅलेंतिना तेरेश्कोव्हा यांच्या वोस्तोक-६ यानाचा, पृथ्वीवर परत आलेला गोल होता. अंतराळात जाणाऱ्या या पहिल्या स्त्री. १६ जून १९६३ रोजी त्या निघाल्या आणि पृथ्वीभोवती ४८ प्रदक्षिणा करून १९ जून रोजी परतल्या.

पहिला प्रश्न आकाराचा. या गोलाचा व्यास सुमारे २.३ मीटर आहे. दुसरा प्रश्न खुणांचा. बाहेरचे कवच जळून काळवंडलेले आहे. वातावरणात अतिवेगाने शिरणाऱ्या यानापुढची हवा दाबली जाते व प्रचंड तापते. सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे टोक गरम होते, हा मुलांच्या परिचयाचा अनुभव येथे सांगावा. कवचाचा लेप स्वतः जळत जातो व जळताना उष्णता बरोबर नेतो. म्हणून आतील माणूस सुरक्षित राहतो. तिसरा प्रश्न घडणीचा. गोलच का केला? या गोलाचे वजन एका बाजूस अधिक ठेवलेले असे. बुडाशी वजन असलेली बाहुली कशीही आडवी केली तरी उभी राहते; त्याचप्रमाणे हा गोल, कोणी न वळविता, जड बाजू पुढे करून खाली येई.

चौथा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. वोस्तोकचा गोल हवाईछत्री लावूनही इतक्या जोराने जमिनीवर आदळे की, आतील माणसास इजा होण्याचा संभव असे. म्हणून सुमारे सात किलोमीटर उंचीवर प्रवासी आसनासह बाहेर फेकला जाई आणि स्वतंत्र हवाईछत्रीने उतरे. १२ एप्रिल १९६१ रोजी १०८ मिनिटांचा पहिला अंतराळप्रवास करणारे युरी गागारिन असेच उतरले होते. तथापि विमानोड्डाणाच्या आंतरराष्ट्रीय विक्रमासाठी चालकाने यानातच उतरले पाहिजे, असा त्या काळचा नियम होता. त्यामुळे गागारिन यानातून उतरले असेच जगाला सांगण्यात आले व खरी गोष्ट कित्येक वर्षे दडविली गेली.

तेरेश्कोव्हा या कापडगिरणीतील कामगार होत्या. त्यांची निवड का झाली, याचे एक मोठे कारण येथे सापडते. हवाईछत्रीने उड्या मारण्याचा त्यांना चांगला सराव होता. यानाची घडण समजली म्हणजे ही निवडही समजते.

एका आसनाच्या जागी तीन

त्याच प्रदर्शनात वोस्खोद-१ या यानाचा गोल होता. १२ ऑक्टोबर १९६४ रोजी त्यातून कोमारोव्ह, फेओक्तिस्तोव्ह आणि येगोरोव्ह हे तिघे गेले. एका यानातून तिघे जाण्याची ती पहिलीच वेळ असल्याने जगभर कौतुक झाले. परंतु मापाचा प्रश्न विचारला म्हणजे निराळी बाजू दिसते. हा गोल वोस्तोकच्याच मापाचा होता. एकाच्या जागेत तिघे बसवायचे म्हणून अंतराळपोशाख वगळण्यात आले आणि बाहेर फेकणारी आसनेही काढावी लागली.

येथे पुढील कृती करावी. शाळेच्या पटांगणात खुंटी ठोकावी, १ मीटर १५ सेंटिमीटर दोरी घेऊन वर्तुळ काढावे. प्रथम एका मुलास आत बसवावे, मग आणखी दोघांस. हे बाहेरचे माप आहे. भिंतीची जाडी व यंत्रे यांस जागा सोडावी लागे, हेही सांगावे. तिघांचे गुडघे एकमेकांस लागले म्हणजे या विक्रमामागे पत्करलेला धोका मुलांस व्याख्यानाशिवाय कळेल.

चंद्रावर न पोहोचलेले यान

पाच मीटरहून अधिक उंचीचे एक चंद्रयान त्या दालनात उभे होते. तो अभियांत्रिकी नमुना होता. एकाच माणसाने चंद्रावर उतरावे अशी योजना होती; मुख्य यानातून चंद्रयानात जाण्यास आतून वाट नसल्याने त्याला अंतराळपोशाख घालून बाहेरून जावे लागणार होते. या मोहिमेसाठी बांधलेल्या एन-१ या अग्निबाणाची १९६९ ते १९७२ या काळात चार वेळा चाचणी झाली आणि चारही वेळा तो निकामी ठरला. अमेरिकन माणसे १९६९ मध्ये चंद्रावर उतरल्यानंतर, आपण त्या शर्यतीत नव्हतोच, असा आव सोव्हिएत शासनाने आणला. १९८९ पर्यंत ही गोष्ट उघडपणे मान्य झाली नाही. पण एवढे यंत्र कोणी निष्कारण बांधीत नाही. जे कागदावर नाकारले गेले, ते धातूत उभे होते.

अप्रिय सत्य कसे सांगावे

कुत्र्यांसाठी केलेला पोशाख व आसन पाहिल्यावर मुले हमखास लायकाविषयी विचारतात. ३ नोव्हेंबर १९५७ रोजी तिला अंतराळात पाठविले, तेव्हा परत आणण्याची सोयच नव्हती. ती काही दिवस जगली व शांतपणे मेली, असे दीर्घकाळ सांगितले जाई. उड्डाणानंतर काही तासांतच ती अतिउष्णतेने मेली, हे २००२ मध्ये उघड झाले. बेल्का व स्त्रेल्का या दोघी मात्र ऑगस्ट १९६० मध्ये सुखरूप परतल्या. तिघींची हकीकत एकत्र सांगावी.

वोस्खोदमधून सुखरूप परतलेले कोमारोव्ह २४ एप्रिल १९६७ रोजी सोयूझ-१ यानाची हवाईछत्री न उघडल्यामुळे मरण पावले. या सर्व यानांचे प्रमुख अभियंता सर्गेई कोरोल्योव्ह यांना १९३८ मध्ये त्यांच्याच शासनाने अटक करून कोलिमाच्या श्रमछावणीत धाडले होते. पुढे त्यांनी एवढे कार्य केले, तरी जानेवारी १९६६ मध्ये त्यांचा मृत्यू होईपर्यंत जगाला त्यांचे नाव कळू दिले नाही.

अशा गोष्टींनी मुलांचा उत्साह मावळेल, अशी काही शिक्षकांस भीती वाटते. ती अनाठायी आहे. यशाबरोबर त्याची किंमतही कळली, तर मुलांच्या मनातील आदर टिकाऊ होतो. केवळ गौरव ऐकून वाढलेल्या मुलास पुढे खरी गोष्ट कळली, तर तिचा पहिला आघात शिक्षकाच्या शब्दावरील विश्वासावर होतो. लहान वर्गात तपशील थोडा सांगावा. पण जे सांगावे ते खरे असावे.

साधनाविना प्रयोग

१८ मार्च १९६५ रोजी अलेक्सेई लेओनोव्ह यानाबाहेर सुमारे बारा मिनिटे तरंगले. बाहेर हवेचा दाब नसल्याने त्यांचा पोशाख फुगून ताठ झाला व परत आत शिरणे कठीण झाले. अखेर पोशाखातील थोडी हवा सोडून ते आत आले. हा पाठ सायकलच्या जुन्या ट्यूबवर घेता येतो. ट्यूब गच्च भरून ती मुलांस दुमडावयास सांगावी; नंतर थोडी हवा सोडून पुन्हा दुमडावयास सांगावी. लेओनोव्ह यांनी काय केले व का केले, हे मुलेच सांगतील.

उपयोजन

लंडनचे ते प्रदर्शन संपले आहे आणि खेड्यातील शाळेस तितक्या दूर जाण्याचे कारणही नाही. राकेश शर्मा ३ एप्रिल १९८४ रोजी सोयूझ टी-११ मधून अंतराळात गेले आणि ११ एप्रिलला सोयूझ टी-१० मधून परतले. परतीचा तो भाग दिल्लीच्या नेहरू तारांगणात ठेवण्यात आला. त्याचे छायाचित्र मिळाले, तरी पहिले तीन प्रश्न विचारता येतात.

छायाचित्रही न मिळाल्यास गावातील एखादी जुनी वस्तू घ्यावी. अडगळीत पडलेली मोट, धान्य मापण्याची पायली, बैलगाडीचे चाक यांपैकी काहीही चालेल. मुलांनी ती मोजावी, तिच्यावरील झीज व डागडुजी टिपावी, तिच्या घडणीचे कारण शोधावे; मग घरातील वडीलधाऱ्यांकडून तिची हकीकत ऐकून ती वस्तूशी ताडून पाहावी. जेथे जुळणार नाही तेथे मुलांनी नम्रपणे पुन्हा विचारावे. मुलांच्या वह्यांत पाटीवरील मजकुराऐवजी त्यांनी स्वतः घेतलेली मापे व स्वतः काढलेले प्रश्न दिसू लागले, म्हणजे पाठ साधला असे समजावे.