धावता रस्ता आणि मुका सोबती

इ. स. १९२८ च्या जून महिन्यातील गोष्ट. न्यूयॉर्क शहरातील बंदरालगतच्या एका रुंद रस्त्याच्या कडेला मॉरिस फ्रँक नावाचा एक तरुण उभा होता. त्याला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हते. समोरून मोटारींची आणि मालगाड्यांची रहदारी अखंड चालली होती. त्याच्या हातात एका कुत्रीच्या अंगावर बांधलेल्या चामडी साजाची मूठ होती. तिचे नाव बडी. ती जर्मन शेफर्ड जातीची असून तिचे शिक्षण स्वित्झर्लंडमध्ये झाले होते. वृत्तपत्रांचे प्रतिनिधी कुतूहलाने पाहत असता फ्रँकने तिला पुढे चालण्याची आज्ञा केली. कधी थांबत, कधी मागे सरत आणि वाट मोकळी होताच पुन्हा पुढे होत बडीने आपल्या धन्याला त्या रस्त्यापलीकडे सुखरूप पोहोचविले. पुढील वर्षी, म्हणजे १९२९ मध्ये, अंधांसाठी असे वाटाडे कुत्रे तयार करणारी ‘सीइंग आय’ ही संस्था अमेरिकेत स्थापन झाली.

या कुत्र्यांना एक विलक्षण गोष्ट शिकविलेली असते. धन्याने ‘पुढे चल’ म्हटले आणि तेवढ्यात एखादे वाहन अंगावर येत असले, तर कुत्र्याने ती आज्ञा मोडावयाची आणि जागीच थांबावयाचे. हे शहाणपण कुत्र्याला उपजत लाभत नाही; कित्येक महिन्यांच्या शिक्षणाने ते त्याच्या अंगी येते. आपल्या घरचा मोती किंवा वाघ्या काही अशा पाठशाळेत शिकून आलेला नसतो. बडीने माणसाला रस्ता ओलांडून दिला. आपल्या कुत्र्याला मात्र माणसानेच रस्ता ओलांडून दिला पाहिजे.

येथे कोणी म्हणेल, कुत्र्याचे कान किती तीक्ष्ण! मग त्याला वाहन येत असल्याचे कळू नये काय? कुत्र्याचे कान तीक्ष्ण असतात, हे खरेच. माणसाला ऐकू न येणारे अतिशय बारीक स्वरही त्याला ऐकू येतात. तथापि आवाज ऐकणे निराळे आणि त्याचा अर्थ समजणे निराळे. कुत्रा निदान चौदा हजार वर्षे माणसाच्या संगतीत राहत आला आहे. उलट, कार्ल बेंझ याने आपल्या मोटारगाडीचे पेटंट घेतले ते १८८६ साली. इतक्या थोड्या काळात वाहनाचे भय कुत्र्याच्या रक्तात कोठून उतरणार? त्याचे पूर्वज लांडगे. पळत्या सावजामागे धावणे हा त्यांचा स्वभाव. तोच स्वभाव कुत्र्यात उरला आहे. म्हणूनच मांजर, खार किंवा फिरते चाक दिसताच तो भान विसरून धाव घेतो. रस्त्यावरील लाल व हिरवा दिवाही त्याच्या उपयोगाचा नाही. कारण निळा आणि पिवळा हे रंग त्याला चांगले ओळखता येतात, परंतु लाल आणि हिरवा यांतील भेद त्याला नीट कळत नाही.

आता वाहनाकडे पाहू. ताशी ३६ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात १० मीटर अंतर कापते. समोर कुत्रा आल्याचे चालकाच्या ध्यानात येऊन त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत सुमारे एक सेकंद जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच मोटार दहा मीटर पुढे आलेली असते. त्यानंतर ती थांबावयास आणखी अंतर लागते. शिवाय वेग दुप्पट झाला, की ब्रेक लागल्यावरचे हे अंतर दुप्पट नव्हे, तर सुमारे चौपट होते. पावसाने रस्ता निसरडा झालेला असला, तर ते याहूनही वाढते. तेव्हा चालक कितीही दयाळू असला, तरी अचानक आडव्या आलेल्या प्राण्याला तो वाचवू शकेलच असे नाही. त्याला वाचविण्याच्या प्रयत्नात एखादा दुचाकीस्वार स्वतःच कोसळतो. म्हणजे मोकळा सोडलेला कुत्रा स्वतःच्या जिवाबरोबर दुसऱ्याचा जीवही धोक्यात घालतो.

पुष्कळदा हा धोका आपल्या प्रेमातूनच निर्माण होतो. शाळा सुटून मुलगा घराकडे येत असतो. घराचे फाटक उघडे असते आणि कुत्रा त्याची वाट पाहत दारात बसलेला असतो. रस्त्यापलीकडे आपला छोटा धनी दिसताच त्याचे शेपूट हलू लागते. मुलगाही आनंदाने हाक मारतो. त्या हाकेसरशी कुत्रा उजवीकडे पाहत नाही की डावीकडे पाहत नाही. तो सरळ धावत सुटतो. त्याची निष्ठाच त्याला संकटात लोटते. म्हणून रस्त्यापलीकडून कुत्र्याला कधीही हाक मारू नये. आपण शांतपणे रस्ता ओलांडून त्याच्याजवळ जावे आणि मग हवे तितके लाड करावे.

कुत्रा पाळणाऱ्याने काही नियम आवर्जून पाळले पाहिजेत. घराचे फाटक नेहमी लावून घ्यावे. कुत्र्याला फिरावयास नेताना त्याच्या गळ्यात बेताचा घट्ट पट्टा असावा आणि पट्ट्याची साखळी हातात धरलेली असावी. मोठा कुत्रा लहान मुलास सहज ओढून नेऊ शकतो. अशा वेळी वडीलधारे माणूस बरोबर हवे. पदपथ नसेल तेथे रस्त्याच्या उजव्या कडेने, समोरून येणारी वाहने दिसतील अशा रीतीने चालावे आणि कुत्रा आपल्या उजव्या बाजूस ठेवावा. म्हणजे वाहने आणि कुत्रा यांच्यामध्ये आपण असतो. दर वेळी रस्ता ओलांडण्यापूर्वी त्याला ‘थांब’ म्हणून उभे करावे. रोजच्या सवयीने तो शब्द त्याच्या अंगवळणी पडतो. रात्री बाहेर पडताना प्रकाश पडताच चमकणारा पट्टा घालावा. पट्ट्यावर धन्याचा दूरध्वनी क्रमांक असावा. दिवाळीत फटाक्यांच्या आवाजाने घाबरून कुत्रे वाट फुटेल तिकडे पळतात. त्या दिवसांत त्यांना घरातच ठेवावे.

मग कुत्र्याला दिवसभर बांधूनच ठेवले तर काय बिघडले? असा विचार करणे म्हणजे त्याला तुरुंगात टाकण्यासारखेच आहे. प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा आपल्या देशात १९६० साली झाला. फार आखूड किंवा फार जड साखळीने प्राण्याला अवाजवी वेळ बांधून ठेवणे, तसेच नेहमी बांधलेल्या कुत्र्याला फिरवून आणण्याची हयगय करणे, हा त्या कायद्याने गुन्हा ठरविला आहे. सुरक्षितता हवी, पण ती कोंडून नव्हे, सोबत राहून.

इतकी काळजी घेऊनही कधी अपघात झालाच, तर मुलांनी एकदम रस्त्यात धाव घेऊ नये. प्रथम मोठ्या माणसांना हाक मारावी आणि वाहने थांबवावयास सांगावे. वेदनेने व्याकूळ झालेला कुत्रा आपल्या धन्यालाही चावतो. तो कृतघ्न झाला असे समजू नये. मोठ्यांनी त्याला जाड चादरीवर किंवा फळीवर अलगद घेऊन पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावे. वरून जखम दिसली नाही, तरी शरीरात आत इजा झालेली असू शकते. म्हणून विलंब करू नये.

महाभारताच्या अखेरीस एक कुत्रा पांडवांच्या मागोमाग हस्तिनापुराहून निघतो. वाटेत द्रौपदी आणि चौघे भाऊ कोसळतात, तरी तो धर्मराजाची साथ सोडीत नाही. स्वर्गाच्या दारी कुत्र्याला प्रवेश नाही असे कळताच धर्मराज स्वर्गच नाकारतो. आपल्या भरवशावर चालत आलेल्या जिवाला सोडून सुख भोगणे त्याला अधर्म वाटते. आपल्या दाराशी बसलेला कुत्राही आपल्याच भरवशावर असतो. त्याला रस्त्याचे नियम वाचता येत नाहीत. ते आपल्याला येतात. म्हणून ते दोघांसाठी पाळण्याचे कर्तव्य आपलेच आहे.

अभ्यास

१. वाटाड्या कुत्र्याने धन्याची आज्ञा केव्हा मोडावयाची असते? का?
२. ‘त्याची निष्ठाच त्याला संकटात लोटते’ या वाक्याचा अर्थ स्पष्ट करा.
३. ताशी ७२ किलोमीटर वेगाने जाणारी मोटार एका सेकंदात किती अंतर कापील?
४. वाक्यात उपयोग करा : भान विसरणे, अंगवळणी पडणे, हयगय करणे.
५. आपल्या घरापासून शाळेपर्यंतच्या रस्त्यावर प्राण्यांना कोठे कोठे धोका आहे, ते पाहून दहा ओळी लिहा.