मागचं सगळंच पुसून टाकू नकोस

अगं, तू पाठवलेले फोटो बघितले. ओटीवर गजरा करत बसलेली आई फार गोड आलीय. पण तिच्या मागे पेपर वाचणारे बाबा, तुळशीवृंदावन, दारातल्या चपला, सगळं विरघळून गेलंय. ती आपल्या घरी बसलीय हेच फोटोतून कळत नाही. नवीन ५० एमएमची लेन्स हातात आली की प्रत्येक जण एफ/१.८ वर, म्हणजे लेन्सचं छिद्र सताड उघडं ठेवून, अडकून बसतो, तसं तुझं होऊ देऊ नकोस.

एक कर. मिसळणाचा डबा उघडून खिडकीपाशी ठेव आणि अर्ध्या मीटरवरून, थोडं तिरकं बघत, मधल्या हळदीच्या वाटीवर फोकस कर. डायल अ‍ॅपर्चर प्रायॉरिटीवर ठेव. पहिला फोटो एफ/१.८ ला काढ, मग ४, ८ आणि १६ ला. कॅमेरा पुस्तकांच्या चळतीवर ठेवून टायमर लाव, कारण एफ/१६ ला उजेड जवळजवळ ऐंशी पटींनी कमी आत येतो, शटर तेवढंच रेंगाळतं आणि हातातला कॅमेरा हलतोच. मग चारही फोटो मोठे करून बघ. पहिल्यात जेमतेम सेंटिमीटरभर पट्टा स्पष्ट असेल, हळदीचे कण दिसतील आणि मागची मोहरी म्हणजे नुसते काळे ठिपके. एफ/१६ पर्यंत तीच मोहरी दाणा न् दाणा नाही, तरी मोहरी म्हणून ओळखू येईल.

आता आकडा १.८ वरच ठेव आणि दोन पावलं मागे जा. अंतर दुप्पट झालं की स्पष्ट पट्टा साधारण चौपट होतो. म्हणजे आकड्याला हात न लावता नुसत्या पायांनीसुद्धा हे जमतं. मला तर हेच जास्त आवडतं.

सगळं लखलखीत दिसावं म्हणून हट्ट धरणारेही होते बरं. १९३२ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स, एडवर्ड वेस्टन वगैरेंनी गट काढला आणि त्याचं नावच ठेवलं ग्रुप एफ/६४. पण त्यांचे कॅमेरे मोठ्या फिल्मचे. तू तुझ्या कॅमेऱ्यावर १६ च्या पुढे धावायला जाऊ नकोस. छिद्र फार बारीक झालं की प्रकाश पसरतो आणि उलट सगळंच किंचित मऊ पडतं.

फोनचं वेगळं. त्याचा सेन्सर चिमुकला, म्हणून मुळात बरंच काही स्पष्टच येतं. पोर्ट्रेट मोडमधला धूसरपणा हिशोबाने मागाहून चढवलेला असतो. चष्म्याच्या कडा आणि सुटे केस बघ, तिथे तो चुकतो. खरा धूसरपणा हवा असेल तर फोन फुलाच्या अगदी जवळ ने.

आणि हो, मंगळागौरीला बायकांचा तीन रांगांचा फोटो तुलाच काढायला लावतील. तिथे १.८ नको, मागच्या रांगेतल्या काकू रुसतील. तीनेक मीटरवर उभी राहा, एफ/८ ठेव, फोकस मधल्या रांगेतल्या कुणाच्या तरी डोळ्यावर. घरात उजेड कमी असेल तर आयएसओ बिनधास्त वाढव. थोडे दाणे आले तरी चालतील, चेहरे सगळे दिसले पाहिजेत.

आईचा तो फोटो मात्र पुन्हा काढ, एफ/५.६ ला. बाबा अंधुक का होईना, पेपरासकट दिसू देत.