मर्यादवेल आणि सरकारी रेषा

आमच्या गावी, सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर, वाळूत एक वेल पसरलेली असते. तिची पाने आपट्याच्या पानासारखी दुभंगलेली आणि फुले जांभळट असतात. तिला मर्यादवेल म्हणतात. भरतीचे पाणी एरवी तिच्या अलीकडेच थांबते. तिच्या खालच्या अंगाला घर बांधू नये, असे माझे आजोबा सांगत. आजोबा शाळेत कधी गेले नव्हते. परंतु समुद्राला त्याची जागा सोडावी लागते, हे त्यांना ठाऊक होते.

किनारा राखणे ही आज केवळ गावाची रीत राहिलेली नाही. ते शासनाने जनतेला दिलेले वचन आहे. हे वचन कसे दिले गेले आणि ते कोठे अपुरे पडते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

१९८१ साली पंतप्रधान इंदिरा गांधी यांनी किनारी राज्यांच्या मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून, भरतीच्या रेषेपासून ५०० मीटरपर्यंतचा किनारा बांधकामापासून मुक्त ठेवावा, असे कळविले. पत्राला कायद्याचे बळ नव्हते. ते १९८६ च्या पर्यावरण संरक्षण कायद्यामुळे आले. या कायद्याखाली १९ फेब्रुवारी १९९१ रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढली. तीच आपल्याकडे ‘सी.आर.झेड.’ या नावाने ओळखली जाते. तिने किनाऱ्याचे चार वर्ग पाडले आणि ग्रामीण किनाऱ्यावर भरती रेषेपासून पहिले २०० मीटर ‘ना-विकास क्षेत्र’ ठरविले. राज्यांनी आपापले आराखडे एका वर्षात करावयाचे होते. ते वेळेवर झाले नाहीत. शेवटी १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाला त्यासाठी राज्यांना आदेश द्यावा लागला. पुढे २०११ व २०१९ साली नव्या अधिसूचना निघाल्या. २०१९ च्या अधिसूचनेने दाट वस्तीच्या ग्रामीण भागात २०० मीटरांची मर्यादा ५० मीटरांवर आणली आणि किनाऱ्यावर पर्यटनाच्या तात्पुरत्या सोयींना वाव दिला.

एवढी जागा मोकळी कशासाठी सोडावयाची? पावसाळ्यात उसळत्या लाटा किनाऱ्याची वाळू आत ओढून नेतात आणि पुढे समुद्र शांत झाला की ती हळूहळू परत आणून टाकतात. किनाऱ्यामागची वाळूची टेकाडे ही या व्यवहारातील शिल्लक होय. मर्यादवेल आपल्या मुळ्यांनी ती शिल्लक धरून ठेवते. टेकाड सपाट करून तेथे इमारत उभारली, की शिल्लक संपते. मग इमारत वाचविण्यासाठी दगडी बंधारा घालावा लागतो. लाट बंधाऱ्यावर आपटून मागे फिरते, पायथ्याची वाळू खरवडते, आणि बंधारा जेथे संपतो तेथून पुढची जमीन अधिक वेगाने खचू लागते. म्हणजे एकाचे घर वाचते व शेजाऱ्याची बाग जाते.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मर्यादा जितकी कडक तितकी चांगली. मलाही वर्गात तसेच वाटले होते. परंतु आमचे घरच त्या २०० मीटरांच्या आत आहे. आम्ही तेथे हौसेने राहिलो नाही. होडी ओढावयाची, जाळे सुकवावयाचे, मासळी वाळवावयाची, तर किनाऱ्याजवळच राहावे लागते. कायद्याने जुन्या घरांच्या दुरुस्तीला मुभा दिली आहे. तथापि घर जुने आहे हे कागदावर सिद्ध करताना बाबांच्या कित्येक दिवसांच्या मजुरीवर पाणी पडले.

मी शाळेत असताना नव्या आराखड्याचे नकाशे तालुक्याच्या ठिकाणी पाहावयास ठेवले होते. बाबांबरोबर मीही गेलो. नकाशावरील टिपा इंग्रजीत होत्या. आमची आत्या बराच वेळ रंगीत पट्ट्यांकडे पाहत राहिली आणि तिने विचारले, “आमची मासळी सुकवची जागा खंय आसा ह्येच्यात?” ती जागा नकाशात नव्हती. तेथे नुसती पिवळी पट्टी होती. घरात लिहिता येणारा मीच, म्हणून हरकतीचा अर्ज मी लिहिला. त्याची पोच आईने पेटीत ठेवली आहे. उत्तर आले नाही.

यंदा या लेखासाठी २०११ ची अधिसूचना वाचली, तेव्हा मला कळले की, मच्छीमारांची गावे, त्यांच्या सामाईक जागा आणि मासळी वाळवण्याच्या जागा नकाशात दाखवाव्यात, असे तीत स्पष्ट लिहिले होते. आत्याने विचारलेला प्रश्न कायद्यानेच आधी विचारून ठेवला होता. आम्ही ती जागा उपकार म्हणून मागत होतो. ती आम्ही हक्काने मागावयास हवी होती.

नकाशात जी जागा नाही, ती उद्या मोकळी म्हणून दुसऱ्या कोणाला देता येते. म्हणून मला असे वाटते की, किनाऱ्याची खरी राखण ५०० की २०० की ५० या आकड्यावर जेवढी अवलंबून आहे, तेवढीच ती रेषा किनाऱ्यावरच्या माणसाला वाचता येते की नाही यावरही आहे. जे वचन ज्याला दिले त्याला समजत नाही, ते मोडले गेले तरी त्याला कळत नाही.

आपल्या महाविद्यालयात किनारपट्टीच्या गावांतून आलेले पुष्कळ विद्यार्थी आहेत. प्रत्येकाने सुटीत आपल्या गावाचा नकाशा मिळवावा, तो घरच्यांना मराठीत समजावून सांगावा आणि काय राहिले आहे ते लिहून काढावे. भूगोलाच्या प्राध्यापकांनी यात मार्गदर्शन करावे, अशी माझी नम्र विनंती आहे. मी आमच्या गावाच्या मंजूर नकाशासाठी अर्ज केला आहे. तो हाती आला की पहिल्यांदा आत्यापुढे उलगडणार आहे.