धावणाऱ्यांचे गुडघे : दुखणे आणि उपाय



पोलीस भरतीची चाहूल लागली की बोळिंज-आगाशी परिसरातील रस्त्यांवर पहाटे धावणारी मुले-मुली दिसू लागतात. भरतीत पुरुषांना 1600 मीटर व महिलांना 800 मीटर धावावे लागते. 2011 पासून वसई-विरारमध्ये मॅरेथॉन भरू लागली, तेव्हापासून हौशी धावणारेही वाढले. परंतु कित्येक जण थोड्याच आठवड्यांत गुडघा धरून बसतात. उमेदवाराची तर वर्षभराची मेहनत वाया जाते. म्हणून हा लेखनप्रपंच.

मी बँकेतला कारकून. चाळिशीनंतर धावू लागलो आणि उत्साहाच्या भरात दोन किलोमीटरवरून एकदम सहावर गेलो. विरार स्टेशनचा पूल उतरताना गुडघ्यात कळ येऊ लागली. मलम चोळले, पट्टा बांधला, गोळी घेऊन धावलो. दुखणे वाढतच गेले. अखेर फिजिओथेरपिस्टने तपासून सांगितले, "गुडघा ठीक आहे, मांडी आणि खुब्याचे स्नायू दुबळे आहेत."

गुडघ्याची वाटी मांडीच्या हाडाच्या खोबणीतून वर-खाली सरकते. स्नायूंची ताकद वाढण्यापूर्वीच धावण्याचा भार वाढला, तर वाटीभोवती दुखू लागते. जिना उतरताना, उकिडवे बसताना किंवा बराच वेळ बसून उठताना ते जास्त जाणवते. गुडघ्याच्या बाहेरच्या अंगाला दुखत असेल, तर खुब्यापासून नडगीपर्यंत उतरणाऱ्या जाड पट्ट्यावर ताण आलेला असू शकतो. अर्नाळ्याच्या उतरत्या वाळूवर एकाच दिशेने धावल्यास एका पायावर अधिक भार पडतो, हेही ध्यानात ठेवावे.

स्नायू आखडल्यासारखे वाटतात, तेव्हा पुष्कळदा ते थकलेले व दुबळे असतात. नुसता ताण देऊन भागत नाही. त्यांना बळही द्यावे लागते. त्यासाठी पुढील गोष्टी कराव्यात :

1. दुखू लागल्यास धावणे निम्म्यावर आणावे. धावताना किंवा दुसऱ्या दिवशी दुखणे वाढले, तर आणखी कमी करावे. उतरल्यावर हळूहळू वाढवावे.

2. धावण्यापूर्वी पाच-दहा मिनिटे भरभर चालावे, पाय पुढे-मागे झुलवावेत. मांडी व पोटरीला प्रत्येकी 30 सेकंद स्थिर ताण धावून झाल्यावर द्यावा.

3. आठवड्यातून तीन दिवस बळाचे व्यायाम करावेत. भिंतीला पाठ टेकून खुर्चीत बसल्यासारखे राहणे, पायरीवर चढ-उतार, कुशीवर झोपून वरचा पाय उचलणे, उताणे झोपून कंबर उचलणे आणि टाचा उचलणे. साधनांचा खर्च नाही. फरक पडायला सहा ते बारा आठवडे लागतात. धीर सोडू नये.

4. वेदनाशामक गोळी घेऊन धावू नये. वेदना दबते, इजा वाढते. अंगातले पाणी कमी झालेले असताना अशा गोळ्यांनी मूत्रपिंडालाही अपाय होऊ शकतो.

गुडघा सुजला, अडकला, लचकून पाय खाली गेला, रात्री दुखून झोपमोड झाली किंवा ताप आला, तर घरगुती उपाय न करता डॉक्टरांना दाखवावे.

"धावल्याने गुडघे झिजतात," असे वडीलधारी मंडळी सांगतात. बेताने, हौसेने धावणाऱ्यांच्या बाबतीत अभ्यासांतून तसे दिसलेले नाही. मी आज पाच किलोमीटर धावतो आणि पूलही बिनत्रास उतरतो. त्यासाठी मला चार महिने लागले. म्हणून मित्रांनो, जाहिरातीची वाट न पाहता तयारी आजच, पण थोडक्यापासून सुरू करा.