पवनचक्कीचा डोलणारा मनोरा

साताऱ्याहून सज्जनगड, ठोसेघर मागे टाकून चाळकेवाडीच्या पठारावर गेलात, तर पवनचक्क्यांच्या रांगाच रांगा दिसतात. भारतात १९८६ मध्ये किनाऱ्यावर उभारलेली पवनयंत्रे ५५ किलोवॅटची होती. आज २,००० किलोवॅटची आणि त्याहूनही मोठी यंत्रे आहेत. यंत्र मोठे झाले, तसा त्याला सांभाळण्याचा प्रश्नही मोठा झाला.

वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की त्याची शक्ती आठपट होते आणि अडथळ्यावरचा रेटा चौपट. ८० मीटर व्यासाच्या चक्रावर सेकंदाला १२ मीटर वेगाचा वारा आला, तर मनोऱ्याच्या माथ्यावर सुमारे २८ टन वजनाइतका रेटा बसतो. पण मनोरा एका रेट्याने सहसा मोडत नाही. तार हाताने एकदा वाकवली तर तुटत नाही. पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते. उस्मानपुऱ्यातील एखाद्या दुकानाची पत्र्याची पाटी वर्षभर फडफडून खिळ्यापाशी फाटते, तेही याच कारणाने. याला धातूचा शिणवटा म्हणतात.

चक्र मिनिटाला १५ फेरे घेत असेल, तर दिवसाला २१,६०० फेरे होतात. प्रत्येक फेऱ्यात पाते एकदा वर आणि एकदा खाली जाते. चक्राचा मध्य ८० मीटर उंचीवर असेल, तर पात्याचे टोक वर १२० मीटरवर आणि खाली ४० मीटरवर असते. सपाट प्रदेशात वरचा वारा खालच्यापेक्षा सुमारे १७ टक्के जोराचा असतो. म्हणजे पाते प्रत्येक फेऱ्यात एकदा वाकते आणि सैल होते.

वारा फार वाढला की पाते स्वतःच्या अक्षाभोवती थोडे फिरवतात. सायकलवरून जाताना तळवा वाऱ्यासमोर धरा, मग आडवा करा. रेटा कसा कमी होतो ते कळेल. चक्राचा वेग मोजायचा आणि तो वाढला की पात्याचा कोन बदलायचा, हे काम नियंत्रक करतो.

येथेच एक मौज आहे. मनोरा वाऱ्याच्या दिशेला पुढे झुकला, की पात्यांना वारा अधिक लागतो. चक्राचा वेग वाढू लागतो. नियंत्रक पाती वळवतो आणि रेटा घटतो. वास्तविक त्याच वेळी रेटा वाढून मनोऱ्याला अडवायला हवा होता! मनोरा मागे जाताना याच्या उलट घडते. रेटा वाढून त्याला आणखी मागे ढकलतो. झोक्याला त्याच्या तालावर धक्के द्यावेत, तसे हे झाले. वेग अचूक राखणारा नियंत्रक मनोऱ्याचा डोल मात्र वाढवतो.

उपाय दोन आहेत. पहिला, मनोऱ्याच्या आंदोलनाच्या तालाला नियंत्रकाने दाद द्यायची नाही. दुसरा, माथ्यावर त्वरणमापक बसवून मनोऱ्याची गती ओळखायची आणि रेटा नेहमी गतीच्या विरुद्ध पडेल, असा पात्यांचा कोन ठेवायचा. शिवाय प्रत्येक पाते स्वतंत्रपणे फिरवता आले, तर वर आलेल्या पात्यावरचा जादा रेटा तेवढाच कमी करता येतो. अर्थात फुकट काही मिळत नाही: पाती सतत वळवल्याने त्यांची बेअरिंगे झिजतात आणि वीजही किंचित कमी-जास्त होते. यातला सुवर्णमध्य शोधणे, हेच अभियंत्याचे कौशल्य.

हा खटाटोप कशासाठी? पोलादात भार १० टक्के कमी झाला, तर शिणवट्याचे आयुष्य सुमारे दीडपट होते. पात्यांच्या काचतंतूंच्या द्रव्यात ते जवळजवळ तिप्पट होऊ शकते.

करून पाहा : पोलादी फूटपट्टीचे एक टोक टेबलाच्या कडेवर घट्ट दाबा. दुसऱ्या टोकावर खोडरबर बांधून ते हलवून सोडा. आता बोटाने एकदा तालावर आणि एकदा तालाविरुद्ध हलके टिचके द्या. डोल कोणत्या वेळी लवकर थांबतो, आणि का?