बांधणाऱ्याच्या डोक्यातली गाडी

अमेरिकेतल्या जुन्या गाड्यांच्या बाजारात ‘ज्याने बांधली, तोच विकतोय’ एवढं एक वाक्य जाहिरातीत असलं, की गिऱ्हाईक अर्धं पटूनच येतं. मध्ये दलाल नाही, गाडी चार हातांतून फिरलेली नाही, आणि कुठला बोल्ट कशासाठी हे सांगणारा माणूस समोर उभा. हॉट रॉड, म्हणजे वेगासाठी फेरफार करून बांधलेली जुनी गाडी, घेताना हा मोह आणखी वाढतो, कारण ही गाडी जशी दिसते तशी कुठल्याच कारखान्यातून बाहेर पडलेली नसते. प्रस्तुत लेखकाने दक्षिण कॅलिफोर्नियात अशी एक गाडी बांधणाऱ्याच्याच हातून घेतली. गाडी चांगली निघाली. तरीही नंतर जे निस्तरावं लागलं, ते तिकडे स्थायिक झालेल्या आणि या नादाला लागू पाहणाऱ्या मराठी मंडळींना आधीच ठाऊक असलेलं बरं.

हॉट रॉडची सगळी गोष्ट हेन्री फोर्डच्या एका इंजिनाभोवती फिरते. ३१ मार्च १९३२ रोजी फोर्डने सामान्य माणसाला परवडेल असं व्ही-एट इंजिन लोकांसमोर आणलं: ३.६ लिटर, ६५ हॉर्सपॉवर. हे इंजिन बसवलेली उघडी रोडस्टर पाचशे डॉलरच्या आत मिळे. काही वर्षांत याच गाड्या जुन्या बाजारात आल्या आणि लॉस एंजेलिसच्या पोरांनी त्यांचे मडगार्ड काढले, वजन उतरवलं, एकाऐवजी दोन कार्बोरेटर चढवले. मग म्युरॉक आणि एल मिराज इथल्या कोरड्या तलावांच्या सपाट पात्रांत वेगाची चढाओढ सुरू झाली. या शर्यतींना शिस्त लावायला १९३७ साली ‘सदर्न कॅलिफोर्निया टायमिंग असोसिएशन’ उभी राहिली, जानेवारी १९४८ मध्ये ‘हॉट रॉड’ नावाचं मासिक निघालं, आणि १९७३ साली जॉर्ज लुकासच्या ‘अमेरिकन ग्राफिटी’ चित्रपटातल्या पिवळ्या फोर्ड कूपने ही हौस परदेशातही पोचवली. पेबल बीचच्या खानदानी गाड्यांच्या प्रदर्शनातही १९९७ पासून हॉट रॉडला स्वतंत्र वर्ग मिळाला. गॅरेजमधल्या पोरांचा खटाटोप लोण्यासारख्या मऊ हिरवळीवर जाऊन बसला.

‘पारंपरिक’ हॉट रॉड म्हणजे कोरड्या तलावांवरच्या त्या शर्यतींच्या काळातल्या, फार तर साठच्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या सुट्या भागांनी आणि पद्धतीने बांधलेली. स्ट्रॉम्बर्ग ९७ कार्बोरेटर, खाली उतरवलेला पुढचा एक्सल, कापून बुटकं केलेलं छप्पर, क्रॉस-प्लाय टायर. पण सोवळं पूर्ण कुणीच पाळत नाही. वरून १९५० सालची दिसणारी गाडी आणि आत ऐंशीच्या दशकातल्या शेवरोले एस-१० पिकअपचा पाच गिअरचा गिअरबॉक्स, हे सर्रास दिसतं. त्यात वावगं काही नाही. घेणाऱ्याला ते आधी कळलं पाहिजे, इतकंच.

प्रस्तुत लेखकाला ते कळलं ब्रेकमुळे. एका उतारावर पॅडल नेहमीपेक्षा खोल गेलं. मागच्या एका चाकाचा व्हील सिलिंडर गळत होता, दुरुस्ती क्षुल्लक. सिलिंडर आणायला पार्टच्या दुकानात गेल्यावर काउंटरवरच्या माणसाने तिथला ठरलेला प्रश्न विचारला: कोणतं साल, कोणती कंपनी, कोणतं मॉडेल? कागदावर गाडी १९३२ ची फोर्ड. पण १९३२ च्या फोर्डला हायड्रॉलिक ब्रेकच नव्हते. फोर्डने ते १९३९ पासून दिले. म्हणजे पुढचे ब्रेक चाळीसच्या दशकातल्या फोर्डचे, मागचा एक्सल पन्नासच्या दशकातल्या कुठल्यातरी पिकअपचा, मास्टर सिलिंडर तिसऱ्याचाच. बांधणाऱ्याला फोन केला. तो भला माणूस, पण त्याने हे भाग भंगाराच्या आवारांतून आणि ‘स्वॅप मीट’ नावाच्या जुन्या सामानाच्या बाजारांतून वर्षानुवर्षं जमवले होते, आणि मागचा एक्सल नेमका कशाचा हे त्याला आठवत नव्हतं. अखेर ड्रम उतरवून, ओतकामावरचे आकडे वाचून आणि सिलिंडरचा व्यास कॅलिपरने मोजून पत्ता लागला. तोवर गाडी जॅकवर.

फसवणूक कुणीच केली नव्हती. कंपनीच्या गाडीबरोबर छापील मॅन्युअल येतं, सुट्या भागांचा कॅटलॉग येतो. हॉट रॉडचं मॅन्युअल बांधणाऱ्याच्या डोक्यात असतं आणि व्यवहार झाला की ते त्याच्याबरोबर घरी जातं. म्हणून पैसे देण्याआधी त्याच्यासोबत एक दुपार बसावं आणि गाडीच्या पुढच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत प्रत्येक भाग कुठल्या सालच्या कुठल्या गाडीचा, हे लिहून घ्यावं. बेअरिंग, ऑइल सील, ब्रेकचे सिलिंडर, क्लच प्लेट, स्टिअरिंग बॉक्स, वॉटर पंप. झिजणारं सगळं. वायरिंगचा नकाशा हाताने काढलेला असला तरी चालेल, पण असावा. फोर्डची जुनी वीज ६ व्होल्टची आणि तीही पॉझिटिव्ह अर्थ. १२ व्होल्टवर नेलेल्या गाडीत कुठलं मीटर अजून ६ व्होल्टवर चालतंय, हे फक्त वायर ओढणाऱ्यालाच ठाऊक असतं. पत्रा उघडा असताना, रंग चढण्याआधी काढलेले फोटो तर हक्काने मागावेत. चकचकीत रंगाखाली किती वेल्डिंग आणि किती पुट्टी आहे, ते त्यातच दिसतं. फोटो नाहीत म्हणणाऱ्याच्या गाडीवर चुंबक फिरवावं. पुट्टी जाड असेल तिथे ते धरत नाही.

बॉडी नवी असण्यात कमीपणा नाही. ओहायोतली ब्रुकव्हिल ही कंपनी १९३२ च्या फोर्डची पोलादी बॉडी आजही नव्याने बनवून विकते, आणि फायबरग्लासच्या तर किती तरी मिळतात. फोर्डने बनवल्या त्यापेक्षा आज रस्त्यावर १९३२ च्या फोर्ड जास्त आहेत, असा विनोद या धंद्यात चालतो तो उगाच नाही. प्रश्न येतो तो कागदाचा. त्या काळच्या फोर्डचा क्रमांक चेसिसच्या डाव्या दांडीवर ठोकलेला असे. चेसिस नवी, कागद मात्र जुन्या गाडीचे, असं निघालं तर नोंदणी करताना पोलिसांच्या तपासणीत गाडी अडकू शकते. प्रस्तुत लेखकाने आधी पाहिलेल्या एका देखण्या कूपवर तर क्रमांकाची पट्टी नव्या रिव्हेटांनी बसवलेली होती. तिथून मुकाट्याने निघून येणंच शहाणपणाचं होतं. सरळ मार्ग कॅलिफोर्नियात आहे. तिथे अशा गाडीची ‘खास बांधलेलं वाहन’ म्हणून नोंद करता येते, आणि धुराच्या नियमांत सवलतीची प्रमाणपत्रं वर्षाला ५०० निघतात. बांधणाऱ्याने हे आधीच करून ठेवलं असेल, तर त्याच्या गाडीचे चार पैसे जास्त द्यायला हरकत नाही.

इंजिन फ्लॅटहेड, म्हणजे फोर्डचं ते जुनं व्ही-एट, असेल, तर ते तापतं हे धरून चालावं. या रचनेत एक्झॉस्टचा गरम वायू ब्लॉकमधल्या पाण्याच्या जागेतून वाट काढत बाहेर पडतो, आणि तडे जातात ते व्हॉल्व्ह सीटच्या आसपास. ब्लॉकची प्रेशर टेस्ट आणि तडे शोधणारी मॅग्नाफ्लक्स तपासणी झाली असल्यास तिची पावती पाहावी. चाचणी फेरी कोपऱ्यापर्यंतची नको. उन्हात, ट्रॅफिकमध्ये, अर्धा तास तरी चालवून, मग बंद करून, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू करून पाहावी. इथेनॉल मिसळलेलं आजचं पेट्रोल जुन्या कार्बोरेटरमध्ये लवकर उकळतं आणि गरम इंजिन रुसतं. मास्टर सिलिंडर पायाखाली, चाकांतल्या सिलिंडरांपेक्षा खालच्या पातळीवर बसवला असेल, तर लाइनमध्ये दाब धरून ठेवणारा व्हॉल्व्ह आहे का, तेही विचारावं. आणि आत नीट बसून पाहावं. अशी गाडी बांधणाऱ्याच्या मापाने शिवलेली असते: त्याचे गुडघे, त्याची उंची, त्याचं पोट.

किमतीबद्दल बोलताना बांधणारा पावत्यांची बेरीज पुढे करतो. ती खरी असते आणि तरीही बाजारभाव बहुधा त्याहून खाली असतो. त्याच्या शेकडो रात्रींचे पैसे बाजार देत नाही. इथे घासाघीस करताना त्याच्या कामाला नावं ठेवू नयेत. पुढे फोन त्यालाच करायचा आहे. विमा मात्र साधा घेऊ नये. साध्या पॉलिसीत गाडी म्हणजे नव्वद वर्षांची जुनी फोर्ड आणि तिची घसाऱ्यानंतरची किंमत. हॅगर्टीसारख्या कंपन्या किंमत आधीच ठरवून ‘मान्य मूल्या’ची पॉलिसी देतात; त्यासाठी फोटो आणि कामाच्या नोंदी तयार ठेवाव्यात.

अशी गाडी एक दिवस पुण्याला आणू, हा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. पण भारताच्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलांत मनाजोगता बदल चालत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हा मुद्दा पुन्हा पक्का केला. २०२१ मध्ये व्हिंटेज गाड्यांसाठी ‘व्हीए’ अक्षरांची वेगळी क्रमांकमालिका आली. त्यात गाडी ५० वर्षांहून जुनी तर हवीच, शिवाय चेसिस, बॉडी, इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नको. हॉट रॉड फेरफारातूनच जन्मते. तेव्हा परतीचा बेत असलेल्याने गाडी तिकडेच विकायची हे धरून चालावं. त्या वेळी विकणारा हा बांधणारा नसतो, आणि पुढचं गिऱ्हाईक सगळ्यात आधी भागांच्या यादीची आणि फोटोंची फाइल मागतं.